नाव सांगा, नंबर लिहून घ्या: फ्रेंच शिकत फ्रान्समध्ये रुजणाऱ्यांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी व्याकरणाबद्दल विचारलं. फोनवर नंबर लिहून घेताना अडतं, हे फक्त एकाने लिहिलं. परदेशातल्या पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त त्रास मात्र तिथेच होतो, म्हणून त्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

अकरावी-बारावीला फ्रेंच होतं, गुणही उत्तम मिळाले. सप्टेंबरपासून लियोंला मास्टर्स करायचं आहे, शिकवणं इंग्रजीतून आहे. हातात पाच महिने आहेत. थेट ए२च्या (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्यांपैकी दुसऱ्या) वर्गात बसू का? (पाचपाखाडी, ठाणे)

आधी प्रवेशचाचणी द्या, मगच ठरवा. बारावीच्या फ्रेंचमध्ये भाषांतर, क्रियापदांची रूपं आणि उताऱ्यावरची उत्तरं असतात. त्यामुळे डोळा ए२चा होतो, पण कान ए१च्याही खाली राहतो. असा विद्यार्थी ए२च्या वर्गात बसला की पहिल्या आठवड्यात पुस्तक सोपं वाटतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाईंचं बोलणंच कळेनासं होतं.

तासांचा हिशेब ढोबळ असला तरी उपयोगी आहे. शून्यापासून धरलं तर ए१ला साधारण ८० ते १०० तास लागतात, ए२पर्यंत २००, बी१पर्यंत ४०० आणि बी२पर्यंत ६००. आठवड्याला सहा तास धरले तर पाच महिन्यांत १२०-१३० तास होतील. तेवढ्यात ए१ पक्कं करून ए२च्या निम्म्यापर्यंत जाता येईल. बी१चा आग्रह आत्ता धरू नका.

घरचा अभ्यास कानाचा ठेवा. आरएफआय या रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज येतं आणि त्याचा मजकूरही मिळतो. आधी मजकूर न बघता ऐका, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा न बघता. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात तिन्ही फेऱ्या बसतात. घरी आल्यावर त्यातली फक्त तीन वाक्यं ऐकून लिहा. दिवसभर मागे फ्रेंच गाणी लावून ठेवल्याने सवय झाल्यासारखं वाटतं, पण कान तयार होत नाही. तो लिहून काढल्यानेच तयार होतो.

जाताना तीन कामं डोक्यात ठेवा. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत दीर्घ मुदतीचा व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. घरमालक फ्रान्समधला जामीनदार मागतो. विद्यार्थ्यांसाठी विझाल ही मोफत हमी आहे, मात्र तिचं प्रमाणपत्र भाडेकरारावर सही करण्याच्या आधी हातात पाहिजे. आणि घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शिक्का घेऊन परत जातं.

कंपनीने तुलूझला पाठवलं, आठ महिने झाले. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. ॲपवर रोज फ्रेंच करतो, वाचलेलं कळतं. पण मी बोललो की समोरचा दोनदा विचारतो आणि फोनवर तर काहीच जमत नाही, नंबरही लिहून घेता येत नाही. चुकतंय कुठे? (कायमचा पत्ता ऐरोली)

दोन वेगळ्या अडचणी आहेत. आधी उच्चार घेऊ.

तुम्ही बहुधा फ्रेंच इंग्रजीच्या वाटेने बोलता. ती वाट सोडा, मराठीची वाट जवळची आहे. फ्रेंचमधला टी म्हणजे आपला त, डी म्हणजे द. ‘ट’ आणि ‘ड’ लावले की बोलणं जड होतं. प, त, क हे तिघेही मराठीसारखेच, हवा न सोडता म्हणायचे. हे इंग्रज माणसाला वर्षभर घोटावं लागतं, तुम्हाला आयतं मिळालेलं आहे.

जे आयतं नाही ते एवढंच. व म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासू द्या. मराठी व तिथे फार मऊ पडतो. फ म्हणतानाही तेच, ‘फळ’मधला फ चालणार नाही. ‘बोंझूर’मधल्या ‘झ’साठी लांब ‘श्श्श’ म्हणा, गळ्यावर बोट ठेवा आणि श न तोडता आवाज सुरू करा. बोटाला कंप जाणवला की तो फ्रेंच झ. र जिभेच्या टोकाने म्हणायचा नाही. जीभ खाली पडू द्या आणि गुळण्या करताना घसा जिथे खरखरतो तिथून काढा.

सगळ्यात महाग पडणारा स्वर म्हणजे ‘यू’सारखा ऐकू येणारा. तोंडात ‘ई’ धरा, जीभ हलवू नका आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे करा. हा स्वर आणि साधा ‘ऊ’ यांत गल्लत झाली की अर्थच फिरतो. नळवाल्याला तुम्ही सांगताय की सिंकच्या खाली गळतंय. खाली म्हणजे ‘दसू’, सरळ ऊ. वर म्हणजे ‘दस्यू’, ओठ ऊचे आणि जीभ ईची. दोन्ही एकसारखे म्हटले तर तो वरचा नळ उघडून बसेल. आरशासमोर दोन्ही शब्द आलटून पालटून रोज वीस वेळा म्हणा. पंधरा दिवसांत फरक पडतो.

अनुनासिकांत चूक होते ती शेवटी न् किंवा म् लावल्याने. ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लागली की ते ‘बोन’ होतं, म्हणजे दुसराच शब्द. घरात मालवणी किंवा कोकणी बोलत असाल तर हे स्वर तुमच्या तोंडात आहेतच, तेच वापरा.

आता फोन. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. आणि ७० ते ९९ या आकड्यांत बेरीज-गुणाकार दडलेला असतो. ७६ म्हणजे ‘स्वासाँत-सेझ’, साठ आणि सोळा. ९५ म्हणजे ‘कात्र-वँ-कँझ’, चार विसा आणि पंधरा. शिकणारा ‘स्वासाँत’ ऐकताच ६० लिहितो, मग १६ लिहितो, आणि पाच जोड्यांचा नंबर सात जोड्यांचा होऊन बसतो. म्हणून नियम करा: ‘स्वासाँत’ किंवा ‘कात्र-वँ’ ऐकलं की पेन उचललेलंच ठेवा, पुढचा शब्द आल्यावर जोडी लिहा. मराठी माणसाला ही थांबण्याची सवय आहे. ‘पंच्याहत्तर’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून आपण आधी ५ लिहून मोकळे होत नाही. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७०ला ‘सेप्ताँत’ आणि ९०ला ‘नोनाँत’ म्हणतात, तिथे हा गुंता बराच कमी आहे.)

सराव असा करा. कागदावर ६० ते ९९मधल्या वीस जोड्या कुणाकडून तरी वाचून घ्या किंवा मोबाइलच्या फ्रेंच आवाजाला वाचायला लावा, तुम्ही फक्त लिहा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत वेग वाढवू नका.

नावाचं स्पेलिंग हा फोनवरचा दुसरा सापळा. फ्रेंचमध्ये जी या अक्षराला ‘झे’ म्हणतात आणि जे या अक्षराला ‘झी’. आय म्हणजे ‘ई’, आणि इंग्रजी ई म्हणजे नुसता ‘अ’. एच ‘आश’, वाय ‘इग्रेक’, डब्ल्यू ‘दूब्ल वे’. समजा नाव गिरिजा आहे. फ्रेंचमध्ये ते ‘झे, ई, एर, ई, झी, आ’ असं सांगावं लागेल. तिने इंग्रजी पद्धतीने ‘जी, आय, आर, आय, जे, ए’ म्हटलं तर पलीकडे पहिलं अक्षर जे म्हणून उतरेल आणि पाचवं जी म्हणून. अपॉइंटमेंट भलत्याच नावावर पडेल आणि खिडकीवर पासपोर्ट दाखवला की यादीत नाव सापडणार नाही. स्वतःचं नाव, आडनाव, रस्त्याचं नाव आणि ईमेल ही चार स्पेलिंगं पाढ्यासारखी पाठ करा.

फोनवर ‘न कितेपा’ ऐकून बरेच जण फोन ठेवतात. त्याचा अर्थ ‘फोन ठेवू नका, थांबा’ असा आहे. यंत्राचा आवाज ‘एत्वाल’ म्हणाला तर चांदणीचं बटण, ‘दिएझ’ म्हणाला तर हॅशचं.

बोलायला माणसं मिळण्यासाठी नगरपालिकेच्या ग्रंथालयात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी संभाषणाचे मोफत गट चालतात. तुमची नोकरी तिथल्या कंपनीच्या करारावर असेल तर सरकारी प्रशिक्षण खात्यात पूर्णवेळ कामाचे वर्षाला ५०० युरो जमा होतात. ते भाषेच्या प्रमाणपत्रासाठी वापरता येतात. आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, मग काय हवं ते विचारा. थेट विचारणं तिथे उद्धटपणा समजतात आणि मग समोरचा तुमचं चुकत-माकत फ्रेंच समजून घेण्याच्या मनःस्थितीतच राहत नाही.

नुकतं लग्न झालं. नवरा ग्रनोबलला ‘तालाँ’ (संशोधक आणि कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या) निवासी परवान्यावर संशोधन करतो, मी कुटुंबीय म्हणून जाते आहे. मला फ्रेंचची परीक्षा सक्तीची आहे का? आणि पासपोर्टवर नाव बदलून घेऊ का? (खारघर)

परीक्षेचं थोडक्यात: तुमच्या वर्गाला सुरुवातीला भाषेची अट नाही आणि नोकरीही करता येते. पण १ जानेवारी २०२६पासून दहा वर्षांच्या निवासी कार्डासाठी बी१ आणि नागरिकत्वासाठी बी२ लागतं. आधी हे अनुक्रमे ए२ आणि बी१ होतं. तेव्हा वेळ आहे, तोवर सावकाश पण सलग शिका.

नावाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. फ्रान्समधली सगळी सरकारी नोंद जन्मनावावर चालते. लग्नानंतरचं आडनाव हे तिथे फक्त ‘वापरायचं नाव’ असतं. फॉर्मवर ‘नों द नेसाँस’ या रकान्यात माहेरचं आडनाव आणि ‘नों द्युझाज’मध्ये हवं असेल तर सासरचं. आपल्याकडे मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि मधलं नाव एकाच रकान्यात छापलेलं असेल तर फ्रेंच कारकून दोन्हींना तुमची पहिली नावं समजतो. मग जन्मदाखल्यावरचं एक आणि पासपोर्टवरचं दुसरं, म्हणजे त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. आमचा स्पष्ट सल्ला असा की पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा असेल तर जाण्यापूर्वी घाईने बदलू नका. बदलला असेल तर विवाह नोंदणीचा दाखला अपोस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून न्या. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही सोबत हवी.

जन्मदाखला आई-वडील दोघांच्या नावांसह लागतो. जन्म जिथे झाला तिथून तो मिळतो, राहता तिथून नाही. पनवेल महानगरपालिका २०१६मध्ये झाली आणि नवी मुंबई महानगरपालिका १९९२मध्ये, त्याआधीच्या जन्मांची नोंद नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात असू शकते. जुन्या दाखल्यावर नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असेल तर आधी नाव नोंदवून घ्या. नवी प्रत मराठी-इंग्रजी दोन्हीत घ्या, कारण मराठीतून फ्रेंच करणारा शपथबद्ध भाषांतरकार मिळणं अवघड, इंग्रजीतून करणारे भरपूर. लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही, त्यावर शिक्का बसत नाही.

क्रम चुकवू नका: नवी प्रत, राज्य सरकारचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि शेवटी फ्रान्समधल्या न्यायालयाच्या यादीतल्या भाषांतरकाराकडून भाषांतर. अपोस्टिलच्या आधी भाषांतर केलंत तर शिक्क्याचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

या कागदांवरून तुमचा आरोग्यविम्याचा क्रमांक बनतो. बाईच्या तात्पुरत्या क्रमांकाची सुरुवात ८ने होते, कायमच्या क्रमांकाची २ने. पुढे जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचे दोन, मग परदेशात जन्म म्हणून ९९ आणि भारताचे २२३. पत्र आलं की हे अंक जन्मतारखेशी ताडून बघा आणि त्याच पत्रावरचं नाव अक्षर-अक्षर तपासा. चूक लगेच कळवली तर सुधारते, कार्ड छापून आल्यावर महिनोन्‌महिने जातात.

मुलं ७ आणि १२ वर्षांची. फ्रेंचचा गंध नाही. सरकारी शाळेत टाकलं तर बुडतील का? घरी आता फ्रेंच बोलायला सुरुवात करू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

बुडणार नाहीत. नव्याने आलेल्या मुलांसाठी शाळांमध्ये खास फ्रेंचचे तुकडीवर्ग असतात; प्राथमिकला आठवड्याला किमान ९ तास, माध्यमिकला १२. उरलेला वेळ मूल आपल्या वयाच्या वर्गात बसतं. धाकट्याचा प्रवेश नगरपालिकेत जाऊन करायचा, मोठ्याचा शिक्षण खात्याच्या मूल्यमापनातून होतो. लसीकरणाची नोंद दोघांचीही लागेल.

मोठ्याकडे जास्त लक्ष द्या. धाकटा मैदानावर भाषा उचलेल, पण बारा वर्षांच्या मुलाला इतिहास-विज्ञान समजून घ्यायचं असतं. त्याचं गणित चांगलं असेल तर ते आधी पुढे काढा, पण मांडणीची ओळख करून द्या: भागाकारात भाजक उजवीकडे लिहितात, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, १चा शेंडा इतका लांब असतो की तो ७ वाटतो, आणि ७च्या मधून आडवी रेघ जाते. हुशार मुलाचे गुण पहिल्या महिन्यात या लिखावटीपायी जातात.

घरी फ्रेंच मुळीच बोलू नका. तुमचे चुकीचे उच्चार मुलांना नंतर विसरावे लागतील, आणि तोडक्या भाषेत तुम्ही त्यांच्याशी फक्त ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढंच बोलाल. घरची मराठी भरगच्च ठेवा. जिला गोष्ट सांगता येते, वाद घालता येतो अशी भाषा मुलाजवळ असेल तर दुसरी तिच्यावर चढते.

डबा नेता येत नाही, शाळेची खानावळ असते. आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण कायद्याने असतं, इतर दिवशी काय मिळतं ते प्रवेशाच्या वेळीच विचारा.

डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी२ पातळीची पास आहे. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (स्थलांतराच्या गुणपद्धतीत) त्याचे गुण मिळतील का? (वाशी)

नाही. तिथे फक्त टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा चालते, आणि निकाल दोन वर्षंच वैध असतो. डेल्फ आयुष्यभर वैध आहे, पण ते या कामाचं नाही. जादा गुणांसाठी चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी हवी: टीसीएफमध्ये ऐकण्यात ४५८, वाचनात ४५३, लिहिण्या-बोलण्यात २०पैकी १०. मग इंग्रजीची पाचवी पातळी असल्यास ५० जादा गुण, नसल्यास २५. डेल्फवाल्यांचं घोडं ऐकण्यात अडतं, कारण इथे ३५ मिनिटांत ३९ प्रश्न आणि ध्वनिफीत एकदाच. तयारी तिथेच करा.

लिंग आणि भूतकाळातली रूपं डोक्यात बसतच नाहीत. काही युक्ती? (नेरूळ)

युक्ती मराठीतच आहे. ‘तो गेला, ती गेली’ आपण विचार न करता म्हणतो. फ्रेंचमध्येही जाण्या-येण्याची क्रियापदं भूतकाळात ‘एत्र’ (असणे) हे सहायक क्रियापद घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ यात क्रियापद कर्माकडे बघतं. फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ (जवळ असणे) हे सहायक घेणारी क्रियापदंही कर्माकडे बघतात, मात्र कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. ‘झे एक्री ला लेत्र’, मी पत्र लिहिलं, इथे बदल नाही. पण ‘ला लेत्र क झे एक्रीत’, मी लिहिलेलं पत्र, इथे लेत्र स्त्रीलिंगी आणि आधी आलं, म्हणून एक्रीचं एक्रीत. इंग्रजीतून शिकवलं की हा नियम विचित्र वाटतो. मराठीतून बघितलं की अर्धा ओळखीचा निघतो.

लिंगासाठी शब्द कधीच एकटा लिहू नका. वहीत ‘ताब्ल’ नाही, ‘ला ताब्ल’. आपलं टेबल नपुंसक, त्यांचं स्त्रीलिंगी, तेव्हा मराठीचं लिंग तिकडे नेऊ नका. शेवट बघा: -सियोंने संपणारे शब्द जवळपास सगळे स्त्रीलिंगी, -माँने संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी, -आजने संपणारेही पुल्लिंगी, अपवाद ला प्लाज, ला पाज, इमाज असे मोजकेच.

मुलगी पॅरिसला चालली आहे. बरोबर काय बांधून देऊ? (नौपाडा, ठाणे)

साजूक तूप, पेढे, बर्फी देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तो तिथल्या गार द्यु नोर स्टेशनजवळच्या दुकानांत मिळतो. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट (घरचं असेल तर पाकिटावर नाव-तारीख लिहून) द्या.

तिथल्या साध्या दुकानात काय मागायचं हे तिला लिहून द्या. बेसन म्हणजे ‘फारीन द प्वा शीश’, बारीक रवा ‘समूल फीन’, ताकाच्या जवळचं ‘ले रिबो’, गुळाच्या जवळची ‘रापादुरा’. कुकरला ‘कोकोत-मिन्यूत’ म्हणतात. विजेचा दाब आपल्याइतकाच, म्हणून मिक्सर चालेल, फक्त आपली तीन पिनांची जाड पिन तिथल्या सॉकेटात जात नाही, जोडणी न्यावी लागेल. कुकर देण्याआधी त्याच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर तो तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापणार नाही.